देवळालीचा ताप : एका इंग्रजी विशेषणाच्या कुळकथेची प्रस्तावना

इंग्रजीत 'डूलाली' असे एक विशेषण आहे. आजी चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधू लागली, शेजारी भर पावसात बागेला पाणी घालू लागला, साहेबाने रविवारी बैठक बोलावली, की इंग्लंडातली माणसे म्हणतात, 'हा डूलाली झाला.' म्हणजे डोके फिरले, चळ लागला, येडा झाला. ही शिवी नव्हे. थोडी चेष्टा आणि थोडी माया. डॉक्टर हा शब्द रोग्याच्या कागदावर लिहीत नाहीत आणि न्यायाधीश निकालात घालत नाहीत. घरात, गुत्त्यावर आणि वर्तमानपत्रातल्या खुसखुशीत सदरात तो वावरतो. ऐकायला तो लहान मुलांच्या बडबडगाण्यातला वाटतो, म्हणून वापरणाऱ्याला त्याचे मूळ शोधावेसेही वाटत नाही. आणि मूळ आहे ते आपल्या नाशिक जिल्ह्यात. मुंबईहून येताना नाशिकरोडच्या आधी लागणारे देवळाली स्टेशन, तेच हे डूलाली.

एका शब्दावर सबंध पुस्तक कशाला, हा प्रश्न वाचकाला पडणे साहजिक आहे. इंग्रजी कोश उघडला तर या शब्दापुढे दीड ओळ सापडते: मुंबईजवळच्या देवळाली या गावाच्या नावावरून, तिथे ब्रिटिश लष्कराची छावणी होती. झाले, काम संपले. ही दीड ओळ खरी आहे, तिच्यात खोट काढायला जागा नाही. पण गाव सांगितले म्हणजे कूळ सांगितले, असे होत नाही. छावण्या पुण्याला होत्या, नगरला होत्या, महूला, मेरठला, अंबाल्याला होत्या. शिपाई तिथेही तापाने फणफणले, उन्हाने भाजले, दारू पिऊन पडले. तरी पुण्याचे किंवा मेरठचे वेडाचे विशेषण झाले नाही. देवळालीचेच का झाले? या पुस्तकाचा सगळा खटाटोप त्या एका 'का'साठी आहे. पुरावे पुढे पानोपानी येतील. सार मात्र इथेच सांगून टाकतो. ऊन आणि ताप हे या शब्दाचे लांबचे नातलग. त्याला जन्म दिला तो रिकामपणाने आणि वाट पाहण्याने.

हे समजायला १८५७ नंतरच्या दहा-पंधरा वर्षांकडे बघावे लागते. उठावानंतर कंपनीचे राज्य गेले, राणीचे आले आणि हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेची संख्या वाढवण्यात आली. एवढी माणसे दरसाल विलायतेहून आणायची आणि मुदत भरलेली परत न्यायची, म्हणजे बंदराच्या जवळ पण बंदराच्या दमटपणापासून दूर असा एक थांबा हवा. देवळालीला १८६१ मध्ये छावणी बसली ती यासाठी. घाटमाथ्यावरची कोरडी हवा, दारणेचे पाणी, मोकळे माळरान. थळ घाटातली रेल्वे १८६५ साली सुरू झाली आणि सुमारे १८० किलोमीटरवरचे मुंबई बंदर एका दिवसाच्या टप्प्यात आले. नवा आलेला गोरा शिपाई इथे उतरायचा, हवेला सरावायचा आणि आपल्या पलटणीकडे जायचा. जुना शिपाई पलटणीतून सुटून इथे यायचा आणि जहाजाची वाट बघायचा. पहिल्या प्रकारच्या शिपायाबद्दल आपल्याला इथे बोलायचे नाही. आपला माणूस दुसरा.

जहाजांचा हिशोब नीट पाहा, कारण सगळी मेख तिथे आहे. १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून इंग्लंड आणि मुंबई यांच्यामध्ये फौजेची ने-आण करायला पाच खास जहाजे होती: क्रॉकोडाइल, युफ्रेटीस, जमना, मलबार आणि सेरापिस. एकेका जहाजात हजार-बाराशे माणसे मावत. पण ती बारा महिने चालत नसत. उन्हाळ्यात तांबडा समुद्र भट्टीसारखा तापतो आणि पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो, म्हणून फौजेच्या वाहतुकीचा हंगाम ठरलेला होता, साधारण नोव्हेंबर ते मार्च. इकडे १८७० च्या कायद्याने शिपायाची नोकरीही मुदतीची झाली होती: ठरावीक वर्षे हजेरीत आणि उरलेली राखीव. मुदत संपण्याची तारीख मात्र जहाजांचा हंगाम बघून पडत नव्हती. मार्चचे शेवटचे जहाज ज्याचे हुकले, त्याला पुढच्या हंगामापर्यंत देवळालीच्या बराकीत बसून राहणे आले.

त्या माणसाची अवस्था डोळ्यांपुढे आणू या. पलटण सुटली, म्हणजे सहा-सात वर्षांचे सोबती सुटले. अधिकारी अनोळखी. करायला धड काम नाही. खिशात थोडेफार पैसे. घर हजारो मैलांवर, आणि आता मनाने तो तिथे जाऊन पोचलेला. चैत्र-वैशाखात माळ तापतो, दुपारी बराकीत पडून राहायचे. मृग लागला की इगतपुरीकडून पावसाच्या सरी येतात त्या थांबत नाहीत. मग दारात उभे राहून चिखल बघायचा. रोज तोच प्रश्न, जहाज कधी? रोज तेच उत्तर. आपल्याकडे म्हण आहे, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. इथे तर बराकीच्या बराकी रिकाम्या न्हाव्यांनी भरलेल्या. कुणी दारूला लागला, कुणी मारामारीत सापडला, कुणी भलतेच बोलू लागला. छावणीत लष्करी तुरुंग होता आणि इस्पितळही होते. दोन्हींना गिऱ्हाइकांची वाण नव्हती.

हे चित्र माझ्या कल्पनेतले नाही. त्याचा साक्षीदार फ्रँक रिचर्ड्स. वेल्समधल्या कोळशाच्या खाणीत राबलेला, १९०१ साली रॉयल वेल्श फ्युझिलिअर्स या पलटणीत भरती झालेला साधा शिपाई. १९०२ ते १९०९ तो हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात होता. नंतर पहिले महायुद्ध त्याने पश्चिम आघाडीवर पायदळात काढले आणि म्हातारपणाकडे झुकल्यावर दोन आठवणींची पुस्तके लिहिली. त्यातले 'ओल्ड सोल्जर साहिब' हे हिंदुस्थानच्या नोकरीवरचे पुस्तक १९३६ चे. त्यात तो सांगतो त्याचा मथितार्थ असा: मुदत सरलेल्या शिपायांना देवळालीला धाडत, जहाज यायला महिनोन्‌महिने लागत, तोवर चांगल्या वर्तणुकीची माणसेही बिघडत, कुणी तुरुंगात जाई, कुणी बाजारी रोग जडवून घेऊन इस्पितळात जाई, त्यावरून विचित्र वागणाऱ्या कोणालाही 'देवळालीचा ताप झाला' असे म्हणायची रीत पडली. रिचर्ड्स हा पंडित नाही, शिपाई आहे. तो व्युत्पत्ती मांडत नाही. पलटणीतल्या जुन्या माणसांकडून जे ऐकले ते सांगतो. म्हणूनच त्याची साक्ष मोलाची.

त्याच्याही आधी, १९२५ साली, फ्रेझर आणि गिबन्स या दोघांनी सैनिकांच्या आणि खलाशांच्या बोलीचा एक कोश छापला होता. पहिले महायुद्ध संपून सात वर्षे झाली होती आणि खंदकातली भाषा विसरली जाण्याआधी टिपून ठेवावी, हा त्यामागचा हेतू. त्यात 'देवळाली टॅप' आहे, 'डूलाली टॅप' आहे आणि हा जुन्या फौजेतला शब्द आहे अशी नोंदही आहे. म्हणजे १९२५ सालीच तो जुना झाला होता. आधी अख्खे पद होते: डूलाली टॅप. पुढे शेपूट गळाले, नुसते डूलाली राहिले आणि नामाचे विशेषण झाले.

या गळून पडलेल्या शेपटाकडे मराठी वाचकाने जास्त निरखून बघावे, कारण ते आपल्या रोजच्या तोंडातले आहे. इंग्रजाला 'टॅप' म्हटले की टिचकी आठवते, किंवा पाण्याची तोटी. त्यामुळे पुढे त्यांच्यातल्या पुष्कळांचा समज झाला, की डोक्यात टिचकी बसलेला तो डूलाली टॅप. हा टॅप म्हणजे फारसी-उर्दूतला 'तप', आपला 'ताप'. छावणीच्या बाजारात, इस्पितळात, भिस्ती-खानसाम्यांच्या तोंडी हिंदुस्थानी चाले आणि हिवतापाला तप हाच शब्द होता. ताप चढून वात झाला की माणूस बरळतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. गोऱ्या शिपायाने तीच खूण उचलली: अंगात ताप नसताना जो तापातल्यासारखा बरळतो, त्याला देवळालीचा ताप. आणि गंमत अशी की मराठीने हाच प्रवास स्वतंत्रपणे केला आहे. आपण 'डोक्याला ताप' म्हणतो तेव्हा थर्मामीटर लावत नाही. तापट माणसाचे अंग गरम नसते. शरीराचा शब्द मनावर नेऊन ठेवायची ही युक्ती दोन्ही भाषांना एकाच मुळावर सुचली.

मूळ एकच, हे शब्दशः खरे आहे. संस्कृतातला 'तप्' हा धातू, त्यापासून तपस्, तप्त, ताप. अवेस्ता ग्रंथाच्या जुन्या इराणी भाषेत तापाला 'तफ्नु' म्हणत. लॅटिनमध्ये त्याच कुळातून कोमट या अर्थाचे विशेषण झाले आणि ते इंग्रजीत 'टेपिड' म्हणून आजही आहे. म्हणजे इंग्रजाच्या घरात हा ताप आधीपासून कोमट होऊन बसला होता. देवळालीहून त्याचा चुलतभाऊ कडकडीत अवस्थेत आला आणि दोघांनी एकमेकांना ओळखले नाही. पदाचा पहिला भाग पाहा. देवळाली या नावात मराठी कानाला देऊळ ऐकू येते. आमच्या कळवणच्या शेजारचे, एके काळी याच तालुक्यात असलेले देवळा हे गाव त्याच कानाने ऐकावे. देऊळ हा शब्द 'देवकुल'वरून 'देउल' होत आला, आणि त्यातला 'देव' हा लॅटिनमधल्या 'देउस'चा आणि त्यामार्गे इंग्रजीतल्या 'डिव्हाइन'चा भाऊबंद. असे पाहिले तर ज्या पदाला इंग्रज परदेशी गंमत समजला, त्याचे दोन्ही भाग त्याच्याच पूर्वजांच्या वाड्यातले निघतात. पुस्तकाच्या तिसऱ्या भागात ही मुळे सविस्तर उकलली आहेत. ज्यांना धातू-प्रत्ययांचा कंटाळा आहे त्यांनी तो भाग शेवटी वाचला तरी बिघडणार नाही.

हे पुस्तक कळवणला बसून का लिहिले, याचे उत्तरही पदाच्या या दोन भागांतच आहे. सातमाळा डोंगररांग आमचा जिल्हा दोन खोऱ्यांत वाटते. दक्षिणेकडचे पाणी गोदावरीला मिळते. देवळालीची दारणा तिकडची. उत्तरेकडचे पाणी गिरणेला आणि गिरणेतून तापीला जाते, कळवण इकडचे. तापी ही पुराणांत सूर्याची मुलगी, आणि तिच्या नावातला ताप तोच. तेव्हा 'देवळालीचा ताप' या पदातल्या देवळालीवर नाशिककरांनी खुशाल हक्क सांगावा, तापावर थोडा हक्क गिरणाकाठचाही आहे. याहून सबळ कारण म्हणजे ध्वनी. त्याविषयी आमच्या भागातल्या माणसाला दोन शब्द बोलायचा अधिकार आहे.

देवळालीचे डूलाली झाले, यात इंग्रजांनी आपल्या नावाची वाट लावली असे म्हणून हसणे सोपे आहे. प्रत्यक्षात काय घडले ते बघा. इंग्रजीत 'ळ' नाही, म्हणून त्याचा 'ल' झाला. आपला दंत्य 'द' त्यांना जमत नाही, त्याचा 'ड' झाला. 'देव'मधला 'व' त्यांनी लिहिताना 'ओ' केला आणि घाईत बोलताना आधीच्या स्वरासकट गिळून त्याचा 'ऊ' केला. आता उरले 'लाली'. इंग्रजीत वेळकाढूपणाला, चालढकलीला असे दुडदुडणारे शब्द आधीच होते: 'डिली-डॅली', 'शिली-शॅली'. डूलाली त्या ओळीत जाऊन चपखल बसला. माझे मत असे, की शब्द टिकला त्यात या नादाचा वाटा मोठा आहे. छावणीचे नाव खडबडीत असते तर ते लष्करी कागदांतच राहिले असते. आणि 'ळ'बद्दल म्हणाल तर आमच्याकडे तरी तो कुठे धड राहतो? अहिराणीत डोळ्याचा डोया होतो, शाळेची शाया होते. आमच्या आठवडे बाजारात एकाच भाजीच्या पाटीपुढे कुणी केळी म्हणतो, कुणी केयी, आणि सौदा बिनबोभाट पार पडतो. 'ळ' निसटता आहे. तो साहेबाच्या तोंडातून निसटला म्हणून नवल नको.

व्युत्पत्तीच्या प्रांतात बाजारगप्पा फार. म्हणून पुरावा कोणता मानायचा, हे आधी ठरवणे बरे. नाशिकच्या आणि त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांकडे घराण्यांच्या नामावळ्या असतात. तुम्ही गाव आणि आडनाव सांगितले की गुरुजी बाड सोडतात, पाने उलटतात आणि वाचून दाखवतात: अमुक साली तुमचे पणजोबा आले होते, सोबत अमुक, कारण अमुक, खाली सही, नाहीतर अंगठा. नुसते 'आमचे मूळ पुरुष मोठे सरदार होते' असे सांगून तिथे भागत नाही. शब्दालाही हाच नियम लावला आहे. कोणत्या साली, कोणाच्या लेखणीतून, कोणत्या अर्थाने तो उमटला, एवढे दाखवता आले तरच नोंद. बाकीच्या कथा कितीही रंगतदार असोत, बाहेर ओसरीवर बसतील.

ओसरीवर बसवलेल्या दोन कथा सांगतो. पहिली मराठी कानाला भुलवणारी: डुलत चालतो तो डूलाली. दारुड्या शिपायाला हे शोभते खरे, पण 'डुलणे' या क्रियापदाकडून शब्द आल्याची सही कुठेच नाही, आणि 'देवळाली टॅप' व 'डूलाली टॅप' एकाच नोंदीत शेजारी-शेजारी छापलेले आहेत. दुसरी इंग्रजी लेखांत सर्रास आढळणारी: देवळालीला वेड्यांचे मोठे इस्पितळ होते, त्यावरून शब्द पडला. छावणीचे इस्पितळ होते, हे वर आलेच आहे. पण लष्करातल्या मनोरुग्णांसाठी खास बांधलेली इमारत होती ती इंग्लंडात, साउथॅम्प्टनजवळच्या नेटली इथे. ती १८७० मध्ये सुरू झाली आणि हिंदुस्थानात डोके बिघडलेल्या शिपायांना जहाजाने तिकडे नेत. रिचर्ड्सच्या साक्षीत वेड्यांच्या इस्पितळाचा आधार लागतच नाही. त्याच्या गोष्टीतली माणसे देवळालीला आली तेव्हा शहाणी होती.

हा फरक बारीक वाटेल, पण त्याच्यावरच पुस्तक उभे आहे. वेडाला गावाचे नाव देण्याची खोड सगळ्या भाषांना आहे. लंडनमध्ये १२४७ साली बेथलेहेमच्या नावाने एक मठ निघाला, पुढे तिथे वेड्यांना ठेवू लागले, आणि येशूच्या जन्मगावाच्या नावाचा अपभ्रंश होऊन 'बेडलम' हा शब्द झाला. अर्थ, कानठळ्या बसवणारा गोंधळ. हिंदीवाले आग्र्याला आणि रांचीला पाठवतात. आपण ठाण्याला पाठवतो, नाहीतर येरवड्याला. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे, तेव्हापासून ही थट्टाही जिवंत असावी. या सगळ्या ठिकाणी इस्पितळ आधी आणि शब्द नंतर. देवळालीत तसे नाही. इथे शब्द पडला तो उपचाराच्या जागेवरून नव्हे, थांबण्याच्या जागेवरून.

आणखी एक भेद लक्षात घ्यावा. 'याला ठाण्याला धाडा' असे आपण म्हणतो, पण 'तो ठाणे झाला' असे म्हणत नाही. ठाण्याला आपली आत्या राहते, तिथे आपण लग्नाला जातो, तिथल्या गर्दीत धक्के खातो. ओळखीच्या गावाचे विशेषण करता येत नाही. इंग्लंडात उलट झाले. शिपाई घरी गेला, शब्द बायकोला दिला, पोरांना दिला. पोरांनी देवळाली बघितली नव्हती, नकाशात कुठे आहे हेही त्यांना ठाऊक नव्हते. गाव विसरले गेले तेव्हा शब्द मोकळा झाला. कोणत्याही नावाचे विशेषण होण्याआधी ते नाव कुणाच्या तरी विस्मरणात जावे लागते. 'डंगरी' घालणाऱ्या कारागिराला मुंबईतली डोंगरी आठवत नाही, ते याच रीतीने.

या शब्दाची भावकी मोठी आहे आणि पुस्तकाचा चौथा भाग तिला दिला आहे. 'पक्का' इंग्रजीत अस्सल या अर्थाचे विशेषण झाला. 'खुश'वरून आरामाच्या नोकरीला 'कुशी' म्हणू लागले. आपला मुंगूस मराठीतूनच इंग्रजीत गेला आणि तिथल्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत जाऊन बसला. यांतले कुशीसारखे शब्द बराकीच्या वाटेने गेले. त्यांना नेणारे लोक पंडित नव्हते, साहेबही नव्हते. खाणीतून, कारखान्यातून, अनाथाश्रमातून भरती झालेली ती पोरे होती. साहेबलोकांनी आपल्या भाषेत नेले ते दरबार, महसूल आणि शिकार यांचे शब्द. बराकीने नेले ते खुशीचे, तक्रारीचे आणि डोके फिरण्याचे.

देवळालीला लागूनच भगूर आहे. विनायक दामोदर सावरकरांचा जन्म तिथला, २८ मे १८८३ चा. मराठीतून परके शब्द काढून टाकावेत म्हणून त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. महापौर, दिनांक, हुतात्मा असे आज अंगवळणी पडलेले शब्द त्यांच्या नावावर आहेत. फ्रँक रिचर्ड्सचा जन्मही १८८३ चाच. एक जण छावणीच्या कुंपणापलीकडे वाढला आणि मराठीतल्या परक्या शब्दांना वाट दाखवू लागला. दुसरा त्याच छावणीचे नाव आपल्या भाषेत खोलवर रुजलेले सांगून गेला. भाषाशुद्धीबद्दल वाचकाचे मत काहीही असो. इतके मात्र दिसते, की शब्दांची ये-जा दोन्ही बाजूंनी चालू होती, आणि तिकडे गेलेल्या शब्दांचा जमाखर्च आपण फारसा मांडलेला नाही. तो थोडा मांडावा, हा या पुस्तकाचा एक हेतू.

विसाव्या शतकात शब्दाला नवा जोर मिळाला तो दूरचित्रवाणीमुळे. बीबीसीवर १९७४ ते १९८१ या काळात 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका चालली. १९४५ चे साल, देवळालीची छावणी, आणि सैनिकांचे मनोरंजन करणारी तोफखान्याची नाटकमंडळी असा तिचा थाट. तिचे एक लेखक जिमी पेरी स्वतः महायुद्धात देवळालीच्या अशाच मंडळीत होते. मालिकेतल्या हिंदुस्थानी पात्रांच्या चित्रणावर पुढे बरीच टीका झाली आणि ती रास्त होती. त्याचा विचार शेवटच्या भागात केला आहे. इकडे २००९ मध्ये पुण्यात ताजी बिअर गाळणाऱ्या एका कंपनीने 'डूलाली' हेच नाव घेतले. तिथे बसलेल्या तरुणांपैकी कितीजण त्या नावाचे स्टेशन रेल्वेच्या खिडकीतून बघत गावी जात असतील!

खुद्द देवळालीत या शब्दाचे कुणाला सोयरसुतक नाही. स्वातंत्र्यानंतर छावणी आपल्या लष्कराकडे आली. तोफखान्याचे प्रशिक्षण तिथे चालते आणि नाशिककर त्या भागाला नुसते 'कॅम्प' म्हणतात. मुंबईच्या पारशी, गुजराती आणि जैन मंडळींनी तिथे सॅनेटोरियमे बांधली. दमेकरी, आजारातून उठलेली, बाळंतपणाने थकलेली माणसे हवापालटाला देवळालीला जाऊन राहत आणि चार शेर वजन वाढवून परत येत. एकाच गावाच्या हवेत मुंबईकर बरा होत होता आणि गोरा शिपाई बिघडत होता. हवेचा दोष असता तर असे झाले नसते. मुंबईकराला परतीची गाडी रोज होती.

या शब्दामागे हसण्यासारखे पुष्कळ आहे आणि पुस्तकात हसायला कुठे मनाई नाही. पण ज्यांच्यामुळे तो पडला ती माणसे खरीच आजारी होती. वाट पाहण्यातून आलेल्या असल्या दुखण्याला तेव्हा फौजेत नाव नव्हते, रजा नव्हती, सहानुभूती तर नव्हतीच. थट्टा हे एकच औषध सोबत्यांकडे होते. आपल्याकडेही फार वेगळे नाही. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात वारे आलेल्या माणसाला आमच्या डोंगरातली माणसे सांभाळतात, त्याला पाणी देतात, पडू देत नाहीत. तोच माणूस एरवी उदास होऊन कोपऱ्यात बसला तर 'येडा झाला' म्हणून मोकळे होतात. अंगात येण्याला मान आणि डोके बिघडण्याला हसू, हा हिशोब आपणही एकदा तपासावा.

हे पुस्तक भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांपेक्षा आमच्या तालुक्यातल्या शिक्षकांसाठी आणि वाचणाऱ्या पोरांसाठी लिहिले आहे. सप्तशृंगी गडावरच्या चैत्री यात्रेला खान्देशातून पायी येणारे लोक, ऊसतोडीला आणि द्राक्षबागांत कामाला जाणारी कुटुंबे, कांद्याचे परप्रांतीय व्यापारी यांच्याबरोबर आजही शब्द येतात आणि जातात. ते टिपायला मोठी विद्या लागत नाही, वही लागते. नवा शब्द कानावर पडला की कोण बोलले, कधी आणि कोणत्या कामाच्या ओघात, एवढे लिहून ठेवावे. आणि आणखी एक रकाना आखून घ्यावा: हा शब्द तोंडात आला तेव्हा ती माणसे कशाची वाट बघत बसली होती? देवळालीच्या बाबतीत कोशकारांनी गाव लिहिले, साल लिहिले आणि हा रकाना कोरा सोडला. पुढची पाने तो भरण्यासाठी आहेत.

कळवण, जि. नाशिक